वाणातला पहिला घास

अधिक महिना सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा थोडे आखूड असते. साचत गेलेला हा फरक भरून काढण्यासाठी पंचांगात एक महिना वाढवावा लागतो, हे मी तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवताना कितीतरी वर्गांना फळ्यावर वर्तुळे काढून समजावले आहे. त्या महिन्यात सासऱ्याने जावयाला वाण द्यायचे असते. जावयाला विष्णूच्या ठिकाणी मानायचे, पाटावर बसवायचे आणि तेहेतीस अनारशांचे ताट वर दिवा ठेवून त्याच्या हाती द्यायचे. अशी गोष्ट फळ्यावर काढून समजावता येत नाही आणि मी ती बरीच उशिरा शिकलो.

आम्हाला एकच मुलगी. तिने लग्न केले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याशी. वडगावच्या पलीकडे त्याच्या घरची भातशेती आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रश्न विचारला की शांतपणे उभा राहायचा. उत्तर येत नसल्याची त्याला लाज वाटत नसे. पुढे तो पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार झाला. घोड्याला खरारा करणे, चारा-पाणी देणे, पहाटे फिरवणे आणि शर्यतीच्या वेळी त्याला हाताने धरून मैदानाच्या तोंडापर्यंत नेणे, हे मोतद्दाराचे काम. शिक्षकाच्या मुलीने घोड्याच्या पागेत काम करणारा नवरा निवडला हे मला पचायला वेळ लागला. त्यामुळे लग्नानंतर अधिक श्रावण आला तेव्हा पत्नीने मला आधीच बजावले, "वाण द्यायचं तर मनापासून द्या. चेहरा असा ठेवून देणार असाल तर नकोच."

मी मनापासून दिले, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवावेसे वाटते.

अनारसा हा धीराचा पदार्थ आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून ते पीठ मुरत ठेवायचे. मग पिठाची गोळी खसखशीवर थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. पीठ नीट मुरले नसेल तर अनारसा तुपात विरघळून जातो. त्याला आमच्याकडे अनारसा हसला असे म्हणतात. त्या वेळी पत्नीचा एकही अनारसा हसला नाही. पहिलेच वाण म्हणून तिने खसखशीत हात आखडता घेतला नाही. जाळी अशी भरून आली होती की वरची खसखस मोत्यांसारखी दिसत होती.

जावई पाटावर बसला. मी त्याला कुंकू लावले आणि ठरवून म्हणालो, "घ्यावं, जावईबापू. तुम्ही आज आमचे नारायण."

तो पटकन उठू लागला. "सर, तुमी मला 'तुमी' नका म्हणू. वर्गातनं बाहेर काढताय असं वाटतंय."

मुलगी हसली. पत्नी म्हणाली, "बसून राहा. देवानं असं उठायचं नसतं."

त्याने ताट घेतले, पण अनारसा खाल्ला नाही. त्याच्या घरी सणाचे काहीही आधी गोठ्यात जाते. गाईबैलांना घास दिल्यावाचून कोणी तोंडात काही घालत नाही. आमच्याकडे गाय कुठली? तो पत्नीला म्हणाला, "डब्यात भरा, मावशी. तिकडं आमची बाई हाय, तिला पहिला घास देतो. मग मी खातो."

त्याची बाई म्हणजे एक कुमैत, गडद तांबूस रंगाची घोडी. तिच्या कपाळावर तिरका पांढरा टिळा होता. ती चावरी म्हणून कोणी मोतद्दार तिला घ्यायला तयार नव्हता, तेव्हा त्याच्या ट्रेनरने ती याच्या हाती दिली. ट्रेनर वयस्क, कमी बोलणारा गृहस्थ होता. घोड्यांची तयारी आणि त्यांची सर्व जबाबदारी त्याची असते. जावई तिच्याबद्दल बोलू लागला की मुलगी म्हणायची, "माझी सवत आहे ती. फक्त ती त्याला चावायची थांबली, मी अजून थांबलेले नाही."

रेसच्या औषधांविषयी मला जे थोडेफार ठाऊक होते ते त्यानेच शिकवलेले. मी समजत होतो की घोड्याला चोरून द्यायची औषधे वेग वाढवण्यासाठी असतात. त्याने मान हलवली. "न्हाई सर, येगाची भीती कमी. खरी भीती दुखणं झाकणाऱ्या औषधाची. घोड्याचा पाय दुखत असला की तो सांगतो. पाय उचलून धरतो, जपून टाकतो. औषध दिलं की तो सांगायचा थांबतो. मग त्याच पायावर जोरात पळतो आणि मोडतो. म्हणून औषध दिलं तरी ते अंगातनं पुरतं उतरल्याबिगर पळवायचं न्हाई. शर्यत झाली की नमुना घेत्यात आणि अंगात काय उरलंय ते बघत्यात."

ही मांडणी इतकी स्वच्छ होती की मी ती मनात जशीच्या तशी ठेवली. दुखणे हे घोड्याचे बोलणे आहे आणि नियम ते बोलणे ऐकू यावे म्हणून आहे. एवढे समजणाऱ्या माणसाला अनारसा मात्र औषध वाटला नाही. मलाही वाटला नव्हता. आम्हा सर्वांच्या मनात तो देवाचा प्रसाद होता, आणि नियम औषधांसाठी होते.

तो डबा घेऊन गेला. पागेत त्याने पहिला घास तिला दिला आणि मग स्वतः खाल्ले. तिला गुळाची चव आवडली. नंतर ती डब्याचा आवाज आला की कान टवकारायची, म्हणून शर्यतीच्या सकाळपर्यंत तिचा वाटा वाढत गेला. त्या रविवारी पाऊस थांबून थांबून पडत होता. ओल्या मैदानावर ती पहिली आली. मुलीने फोनवर आम्हाला आरडाओरडा ऐकवला.

पहिल्या आलेल्या घोड्याच्या लघवीचा नमुना घेतात. घोडा लगेच लघवी करत नाही, त्यासाठी मोतद्दार त्याच्याशेजारी उभा राहून हलकी शीळ घालतो. घोड्यांना लहानपणापासून ती सवय लावलेली असते. त्या दिवशीही जावयाने शीळ घातली आणि नमुना अधिकाऱ्यांच्या भांड्यात पडला. पुढे अनेकदा मला ते दृश्य न पाहताच दिसत राहिले आहे.

काही दिवसांनी कळले की नमुन्यात मॉर्फिन सापडले. दुसऱ्या बाटलीतला राखून ठेवलेला भागही तपासला, तोच निष्कर्ष आला. मॉर्फिन दुखणे झाकणारे आहे, त्यामुळे प्रकरण गंभीर झाले. चौकशी लागली. घोड्याच्या अंगात काही सापडले तर ते कसे आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी ट्रेनरची असते, आणि सिद्ध करता आले नाही तर परवाना त्याचाच जातो. त्या वृद्ध गृहस्थाला काहीच सांगता येत नव्हते. चाऱ्याची पोती तपासून झाली होती, औषधांचे कपाट तपासून झाले होते.

जावई सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन आमच्याकडे आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिला. मुलगी भाजी चिरत होती. तो म्हणाला, "साहेबांनी आयुष्यात एका घोड्याला वाईट सुई दिली न्हाई. आन आता लोक त्यांच्याकडं बघून हळू बोलायला लागल्यात."

"तुला कोणी काही विचारलं का?" मी विचारले.

"काय दिलंस म्हणून विचारलं. चारा, भरडा, गाजर. सांगितलं. आनी काय दिलं मी?"

पत्नी ताटात काहीतरी निवडत होती. एका शेजारणीच्या श्रावणातल्या कार्यासाठी तिला पुन्हा अनारसे करायचे होते. ताटात खसखस होती. मी पाहिले आणि मला उत्तर सापडले.

ती वेळ मी अनेकदा आठवून पाहिली आहे. वर्गात अवघड उदाहरण सुटले की माझा आवाज आपोआप चढत असे, तसाच तो त्या वेळी चढला. मी म्हणालो, "थांबा. खसखस कसली असते? अफूच्या बोंडातलं बी. बियांत अफू नसते, पण बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागलेला असतो. त्या चिकात मॉर्फिन असतं. माणसाला त्याने काही होत नाही, पण तपासणी अगदी सूक्ष्म असते. तिला अनारसे दिले होतेस ना? सुटला प्रश्न."

माझ्या आवाजातला आनंद खोलीत तसाच राहिला.

पत्नीने ताट खाली ठेवले. "माझ्या अनारशांत अफू?"

"अफू नाही. अफूच्या झाडाचं बी."

"ऐकणाऱ्याला काय फरक कळणार आहे?" ती म्हणाली. मग हळूच, "मी मूठभर जास्तच लावली होती. पहिलं वाण म्हणून."

जावई माझ्याकडे बघत होता. "म्हंजी मीच."

"तू नाही रे. खसखस."

"खसखस काय चालत गेली व्हय तिच्या तोंडात, सर?"

मुलीने विळी बाजूला सारली. "हे बघ, हे कोणाला माहीत आहे? आपल्या चौघांना. अनारशाचं कोणी विचारलेलं नाही. तू सांगायला गेलास तर तुझा पास जाईल, एवढंच होईल." रेसकोर्सच्या पागेत शिरायला मोतद्दाराला पास लागतो. तो गेला की घोडी गेली.

"आन न सांगितलं तर साहेबांचा परवाना जाईल."

"ते मोठे आहेत. वकील लावतील."

"लावतील. पन वकिलाला सांगनार काय?" तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी काय म्हनता?"

मी पुस्तकी उत्तर दिले. खरे कारण ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगितले पाहिजे, नाहीतर निरपराध माणसाला शिक्षा होते. शिवाय हेतू शुद्ध होता, हे चौकशी करणारे समजून घेतील. मी हे टप्प्याटप्प्याने मांडले. त्याने वर्गात ऐकायचा तसे मान खाली घालून ऐकले.

"म्हंजी सांगू?"

"सांग."

मुलीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा भाजी चिरू लागली. त्या नजरेबद्दल आमच्यात कधी बोलणे झालेले नाही.

त्याने सांगितले. चौकशीत काय झाले ते त्याच्याकडून मी तुटक तुटक ऐकले. त्यांनी त्याला खसखशीबद्दल नीट विचारले, अनारसे कोणी केले ते विचारले, आणि त्यातल्या एकाच्या घरीही अनारसे होत असल्याने ते त्याला पटले. माझा तर्क बरोबर ठरला. ट्रेनरने कोणतेही औषध दिले नव्हते हे मान्य झाले आणि त्याचा परवाना राहिला. घोडीचा पहिला क्रमांक काढून घेतला. आणि ठरवून दिलेल्या खाण्याबाहेरचे काही घोड्याच्या तोंडी घातले, म्हणून मोतद्दाराचा पास रद्द झाला. हेतू शुद्ध होता हे त्यांनी लिहिले. पण हेतू तपासायला बाटली नसते, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले म्हणे. मला ते त्या वेळी कठोर वाटले. आता वाटते की ते नियमाचे खरे वर्णन आहे. मी शिक्षक म्हणून आयुष्यभर असेच नियम चालवले होते आणि दुसऱ्या बाजूला कधी उभा राहिलो नव्हतो.

पुढे पास परत मिळण्याची सोय होती. परंतु घरचे खाणे घोड्याला भरवणारा, अशी त्याची ओळख झाली होती आणि तो ठपका लागलेल्या माणसाला कोणी हाताखाली घेईना. ट्रेनरने प्रयत्न केला. मग तोही प्रकृतीमुळे निवृत्त झाला आणि घोडी विकली गेली. जावई वराळ्याजवळच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवू लागला. पगार वेळेवर येतो, तो रोज घरी जेवायला असतो. मुलगी म्हणते, बरेच झाले. मी तिच्या सुरात सूर मिळवतो. पण तो फोर्कलिफ्ट उभी करताना तिच्या लोखंडी बाजूवर हात फिरवतो, हे एकदा त्याच्या सोबत्याने हसत सांगितले तेव्हा मी हसू शकलो नाही.

यंदा पुन्हा अधिक महिना आला, ज्येष्ठाचा. पत्नीने यंदा अनारसे तिळावर थापायचे ठरवले होते. जावयाला ते कळले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, खसखसच लावा. मला कोन तपासनार हाय? रोज पळतोय त्या मशीनवर, पैला नंबर तरी कुटं येतोय."

सगळे हसलो. तिने खसखस लावली. त्याने वाण घेतले, माझ्या पाया पडला आणि ताट तसेच मुलीच्या हाती दिले. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याला अनारसा खाताना मी त्या श्रावणानंतर कधीच पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, लोणावळ्याला येता का? आमची बाई तितं हाय म्हनं. जुना एक सोबती बोलला." मी, पत्नी, मुलगी आणि तो, असे चौघे तळेगावहून लोकलने गेलो. पत्नीने वाटेत खायला म्हणून वाणाच्या अनारशांचा डबा घेतला होता.

लोणावळ्यात रविवारची गर्दी होती. दरीच्या कडेला मक्याची कणसे भाजणाऱ्यांच्या रांगेपलीकडे पर्यटकांना फेरी मारून आणणारे घोडे उभे होते. ती मला ओळखू आली नसती. गळ्यात घुंगरांचा पट्टा, कपाळावर रंगीत गोंडे. जावयाने गोंडा बाजूला केला. तिरका टिळा होता.

घोडेवाला तरुण होता, बोलका. "बसा काका, रेसची घोडी आहे. फोटोपण काढून देतो."

जावई खाली बसून तिच्या पुढच्या पायावरून हात फिरवत गेला. गुडघ्याखाली हात थांबला. "गरम हाय. सूज हाय इथं."

"अहो, जुनी आहे ती सूज. सकाळी पावडर देतो ना. दिवसभर फर्स्टक्लास चालते."

"कसली पावडर?"

त्याने कमरेच्या बॅगेतून एक पुडी काढून दाखवली. दुखणे थांबवणारे औषध होते, मला नाव वाचता आले.

"डॉक्टरनं दिली?"

"मेडिकलमधून आणतो."

"आन थांबवता कधी?"

तो तरुण खरोखर गोंधळला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. "थांबवायची कशाला? थांबवली तर लंगडते."

जावई तसाच बसून राहिला, हात तिच्या पायावर. ज्या नियमाने एका अनारशासाठी त्याला तिच्यापासून दूर केले, तो नियम इथे, पुण्यापासून इतक्या जवळ, कुठेही पोचलेला नव्हता. तिचे बोलणे रोज सकाळी पुडी देऊन थांबवले जात होते आणि बाटली घेऊन कोणी उभे नव्हते.

घोडीने मान वळवली. ती त्याला ओळखत होती की नाही, मी खात्रीने सांगू शकत नाही. तिने पत्नीच्या हातातल्या पिशवीला नाक लावले. डब्याचे झाकण आतल्या आत वाजले आणि तिचे कान उभे राहिले.

मी म्हणालो, "दे की. इथे कोण बघतंय?"

"कोनीच न्हाई बघत, सर," तो म्हणाला. त्याने पिशवी पत्नीच्या हातून घेऊन माझ्या खांद्याला अडकवली.

मग त्याने घोडेवाल्याला एका फेरीचे पैसे दिले. "बसायचं न्हाई. हितंच उभी राहू दे, फेरी हुईस्तोवर." त्याने टपरीवरून गार पाण्याच्या बाटल्या आणल्या, मुलीची ओढणी मागून घेतली, ती भिजवून घोडीच्या पायाला गुंडाळली आणि वरून हळूहळू पाणी ओतत राहिला. घोडेवाला एकदा म्हणाला, "लय प्रेम आहे तुमचं." मग त्यानेच दुसरी बाटली उघडून दिली. जावयाने त्याला सांगितले की सोमवारी, मंगळवारी गर्दी नसते तेव्हा तिला नुसती उभी ठेव, पावडर देऊ नको आणि ती पाय कसा टाकते ते बघ. त्या तरुणाने मान डोलावली. तो तसे करील की नाही, मला माहीत नाही.

फेरीचा वेळ संपला. दोन लहान मुलांना घेऊन एक कुटुंब आले. घोडेवाल्याने ओढणी सोडून परत दिली आणि मुलांना वर बसवले. घोडी चालू लागली. पाय अगदी सरळ टाकत होती.

परतीच्या लोकलमध्ये पत्नीने डबा उघडून सगळ्यांपुढे धरला. मुलीने एक घेतला, मी एक घेतला. जावई खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुमी खावा, मावशी." ओली ओढणी त्याच्या गुडघ्यावर होती आणि तो ती पिळून पिळून घडी करत होता.